टकोआ की ओकोई? एकाच नदीची दोन नावं आणि त्यांचे अर्थ

नकाशावेडा (प्रश्न)

मराठी ज्ञानकोशातल्या नोंदीसाठी अमेरिकेच्या आग्नेय भागातली एक छोटी डोंगरी नदी घेतली आहे. उगम जॉर्जियात, शेवट टेनेसीत. जॉर्जियाच्या नकाशात तिचं नाव टकोआ आहे, टेनेसीच्या नकाशात ओकोई. मधे कुठे संगम दिसत नाही. लांबी एकीकडे ५६ मैल मिळते, दुसरीकडे ३७, तिसरीकडे ९३.

नावाचा गुंता त्याहून मोठा. ओकोई म्हणजे चेरोकी या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत 'जर्दाळूची जागा' आणि टकोआ म्हणजे 'सुंदर', असं पर्यटनाच्या मजकुरात सर्रास आढळतं. पण ॲपलेशियन डोंगरात जर्दाळू आला कुठून? ज्ञानकोशात चुकीचा अर्थ गेला की तिथून तो वीस ठिकाणी उतरवला जातो, म्हणून लिहिण्याआधीच विचारतो.

तीन गोष्टी हव्या आहेत. नदी एक धरायची की दोन? दोन्ही नावांचा अर्थ काय, शक्यतो मूळ शब्दासकट? आणि ओकोईवरच्या धरणांचे क्रमांक उलटे का आहेत? प्रवाहाबरोबर खाली गेलं तर आधी ३ लागतं, मग २, मग १.

पाणलोट

नदी एकच. जॉर्जियात ५६ मैल (सुमारे ९० किमी), टेनेसीत ३७ मैल (सुमारे ६० किमी), मिळून ९३ मैल, म्हणजे दीडशे किलोमीटर. तुम्हाला मिळालेले तिन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त प्रत्येकानं नदी कुठून कुठवर मोजली हे लिहिलेलं नाही. नोंदीत तिन्ही द्या आणि कोणता कशाचा तेही लिहा.

वाट अशी: जॉर्जियाच्या युनियन काउंटीत सचिस गावाच्या आसपासच्या डोंगरांत उगम. तिथून वायव्येकडे फॅनिन काउंटीत. हा वरचा भाग चॅटाहूची राष्ट्रीय वनातून जातो. वाटेत कूपर क्रीक, रॉक क्रीक, नूनटूटला क्रीक असे ओढे मिळतात. याच टप्प्यात बेंटन मकाय पायवाटेवरचा २७० फूट (८२ मीटर) लांबीचा झुलता पूल आहे. त्याच्या आजूबाजूला पात्र अजून अरुंद, सावलीचं आणि दगडगोट्यांचं आहे. पुढे ब्लू रिज धरण आणि त्याचा जलाशय. धरणाच्या तळाशी असलेलं थंड पाणी सोडलं जातं, म्हणून त्याखालच्या पट्ट्यात ट्राउट मासा तगतो.

त्यानंतर नदी मकेसव्हिलला येते. राज्याची सीमा गावाच्या मधून जाते: अलीकडे जॉर्जियातलं मकेसव्हिल, पलीकडे टेनेसीतलं कॉपरहिल. दोन्ही गावं एकमेकांत इतकी मिसळलेली आहेत की सीमा दाखवायला गावात निळी रेघ रंगवलेली आहे. ती रेघ नदीला जिथे भेटते तिथे टकोआची ओकोई होते. पात्र, उतार, पाणी यातलं काहीही त्या जागी बदलत नाही.

टेनेसीत ती पोक काउंटीत चेरोकी राष्ट्रीय वनातल्या खोल घळईतून वाहते, पार्क्सव्हिलपाशी डोंगरातून बाहेर पडते आणि बेंटन गावाजवळ हायवॉसी नदीला मिळते. हायवॉसी टेनेसी नदीला, टेनेसी ओहायोला, ओहायो मिसिसिपीला. उगमापासून समुद्र दक्षिणेला आहे, पण पाणी आधी उत्तरेला केंटकीपर्यंत जातं आणि मग दक्षिणेला वळतं. हा वळसा नोंदीत जरूर घ्या, तो लक्षात आला की या डोंगरांचा उतार समजतो.

एक चूक हमखास होते. 'टकोआ' नावाचं शहर जॉर्जियातच आहे, स्टीव्हन्स काउंटीचं मुख्य ठिकाण. त्याच्याजवळ १८६ फुटांचा टकोआ धबधबा आहे. हे दोन्ही टकोआ नदीवर नाहीत. धबधबा टकोआ क्रीक या वेगळ्या ओढ्यावर आहे आणि त्याचं पाणी सव्हाना नदीतून अटलांटिकला जातं. १९७७ च्या नोव्हेंबरमध्ये केली बार्न्स धरण फुटून ३९ माणसं गेली तीही त्या ओढ्यावरची दुर्घटना. दुसऱ्या महायुद्धातल्या छत्रीधारी सैनिकांचं कॅम्प टकोआ त्या शहराजवळचं. यातलं काही या नदीच्या नोंदीत शिरू देऊ नका. तसंच ओकोई नावाचं एक शहर फ्लोरिडात ऑर्लँडोजवळ आहे, तिथेही ही नदी जात नाही.

शब्दमूळ

नावांबद्दल. इथे सगळ्यात भरवशाचा आधार मानववंश-अभ्यासक जेम्स मूनी यांचा. १८८० च्या दशकाच्या शेवटापासून त्यांनी चेरोकी लोकांमध्ये राहून काम केलं आणि १९०० साली स्थळनामांची मोठी सूची छापली. त्यात दोन्ही नावं आहेत.

*ओकोई.* मूळ शब्द उवागाही. 'उवागा' ही एक वेल आणि शेवटचा '-ही' हा स्थानवाचक प्रत्यय. आपल्या सप्तमीचं काम करणारा, पण त्यातून गावाचं नावच तयार होतं: 'जिथे उवागा आहे ते ठिकाण'. उवागाही ही आधी एक महत्त्वाची चेरोकी वस्ती होती, ओकोई आणि हायवॉसीच्या संगमाजवळ, आजच्या बेंटनच्या परिसरात.

*टकोआ.* मूळ शब्द टाग्वाही. 'टाग्वा' हे चेरोकी लोक कटॉबा जमातीला वापरत ते नाव (अनेकवचनी 'अनी-टाग्वा', 'अनी' म्हणजे लोक). तोच '-ही' प्रत्यय. म्हणजे 'कटॉबांचं ठिकाण'. कटॉबा हे आजच्या कॅरोलायनांमधले लोक, त्यांची भाषा चेरोकीशी नात्यातली नाही. या नावाची ठिकाणं एकाहून जास्त होती. एक टकोआ क्रीकवर, जिथून वर सांगितलेल्या शहराचं नाव आलं, आणि एक फॅनिन काउंटीत याच नदीवर. दोन टकोआंचा घोळ इथूनच सुरू होतो: नाव एक, जागा दोन. तिथे कटॉबा राहत होते, पाहुणे आले होते की लढले होते, हे नुसत्या नावावरून सांगता येत नाही. 'कटॉबांचं ठिकाण' एवढ्यावर थांबा.

'सुंदर' हा अर्थ सोडून द्या. चेरोकीत सुंदरला 'उवोडूही' म्हणतात. त्यातून टकोआ निघायला वाट नाही.

आता दोन नावं का, ते बघा. उवागाही नदीच्या शेवटाला, टाग्वाही वरच्या अंगाला. नाव गावाचं असायचं आणि गावापाशी वाहणारं पाणी त्या गावाच्या नावानं ओळखलं जायचं. उगमापासून मुखापर्यंत एकच नाव हवं हा आग्रह नकाशे करणाऱ्यांचा. खालचं नाव वर सरकत गेलं, वरचं खाली, आणि राज्यांच्या सीमेवर दोन्ही थांबली. सीमेनं नदीची दोन नावं *केली* नाहीत, आधीच असलेल्या दोन नावांना कुठे थांबायचं ते सांगितलं. नोंदीत हा फरक नीट यायला हवा. 'राज्य बदलल्यामुळे नाव बदललं' असं लिहिलं तर चेरोकी वस्त्यांचा भाग पुसला जातो.

नकाशावेडा

दोघांचेही आभार, इतकं स्वच्छ कुठेच मिळालं नव्हतं. दोन शंका उरतात. उवागाहीचं ओकोई होतं हे उच्चाराच्या दृष्टीनं कसं? 'ग' चा 'क' का झाला? आणि 'उवागा' ही नेमकी कोणती वेल? मूनींच्या सूचीत इंग्रजीत जर्दाळूचाच शब्द दिसतो.

शब्दमूळ

'ग' चा 'क' होण्याचं कारण मराठी कानाला पटकन कळेल. चेरोकीतला हा वर्ण श्वास न सोडता उच्चारलेला आहे, आपल्या 'क' आणि 'ग' च्या मधे कुठेतरी. इंग्रजी बोलणारा शब्दाच्या सुरुवातीचा 'क' नेहमी थोडा श्वास सोडून, 'ख' कडे झुकवून म्हणतो. म्हणून श्वास नसलेला हा वर्ण एकाला 'ग' वाटला, दुसऱ्याला 'क'. लिहिणारा बदलला की अक्षर बदललं. 'चेरोकी' भाषेची नावं तपासताना ग/क, ड/ट आणि ग्व/क्व या जोड्या एकच समजून चालायचं, नाहीतर जुन्या कागदात असलेलं नाव डोळ्यासमोर असून सापडत नाही.

बाकीचं असं: सुरुवातीचं 'उवा' मिटून 'ओ' झालं, 'गा' चं 'को', आणि '-ही' तला 'ह' गळून 'ई' उरला. म्हणजे ओकोईच्या शेवटचा 'ई' हाच तो स्थानवाचक प्रत्यय. टकोआत मात्र 'ग्वा' चं 'कोआ' झालं आणि '-ही' पूर्ण गळला. दोन्ही नावं शेजारी ठेवली की दिसतं: एकात प्रत्यय टिकला, दुसऱ्यात गेला.

याच खोऱ्यात नाव इंग्रजीत येण्याचे आणखी दोन प्रकार आहेत, तेही सांगतो, कारण नोंदीत ही गावं येणारच.

डकटाउन, कॉपरहिलच्या शेजारचं. चेरोकी नाव 'कवानून्यी', 'कवानू' म्हणजे बदक आणि '-यी' हा '-ही' चाच भाऊ. 'बदकांची जागा'. इथे ध्वनी उचलला नाही, सरळ भाषांतर केलं.

आणि फाइटिंगटाउन क्रीक, मकेसव्हिलजवळ नदीला मिळणारा ओढा. नाव ऐकून वाटतं इथे लढाई झाली असेल, आणि तशा कथा लोक रचतातही. मूळ नाव 'वालास-उनुल्स्तीयी'. 'वालास-उनुल्स्ती' हे एका रानझाडाचं नाव, शब्दशः 'बेडूक याच्याने लढतात'. बारीक दांड्यांवर फुलं येणारं हे झाड, वनस्पतिशास्त्रात प्रोसार्टेस लॅनुजिनोसा. फार पूर्वी दोन भांडकुदळ बेडकांनी त्याच्या दांड्यांचे भाले करून द्वंद्व केलं, अशी चेरोकी कथा आहे. भाषांतर करणाऱ्यानं बेडूक टाकले, झाड टाकलं, 'लढणं' तेवढं ठेवलं. एका ओढ्यावर उभं राहून इतकं सुंदर नाव हरवताना दिसावं, याचं वाईट वाटतं.

म्हणून पद्धत अशी ठेवा: आधी नदीचं नाव नव्हे, त्या नावाची *वस्ती* शोधा. मग प्रत्यय वेगळा काढा. मग उरलेला शब्द झाड, प्राणी की माणसं, ते ठरवा. झाड असेल तर इंग्रजी बोलीतल्या नावावरून भाषांतर करू नका, आधी त्याचं लॅटिन नाव मिळवा.

वेलीपान

त्या शेवटच्या वाक्यासाठीच लिहायला आलो. उवागा म्हणजे पॅसिफ्लोरा इन्कार्नाटा. आपल्या कृष्णकमळाच्या वंशातली वेल. इंग्रजी बोलीत तिला मेपॉप म्हणतात, आणि दक्षिणेतल्या डोंगराळ भागात तिचं जुनं नाव 'वाइल्ड ॲप्रिकॉट', 'ॲप्रिकॉट वेल'. मूनींनी लिहिलं ते त्या काळच्या त्या भागातल्या वाचकांसाठी. त्यांना ॲप्रिकॉट म्हटलं की हीच वेल समजायची. आज कोणी तो शब्द उचलून 'जर्दाळूची जागा' लिहिलं की सगळं फसतं. जर्दाळू हे झाड, प्रुनस वंशातलं, आणि ते मूळचं आशियातलं. तिथल्या रानात ते नव्हतंच. तुमची शंका अगदी योग्य होती.

वेलीबद्दल नोंदीपुरतं: पानं तीन बोटांची, पानाच्या बगलेतून तणावे. फूल पाच ते सात सेंटिमीटर रुंद, फिकं जांभळं, बारीक नागमोडी तंतूंचं वर्तुळ, मधे पाच पुंकेसर आणि वर तीन स्त्रीकेसर. फळ कोंबडीच्या अंड्याएवढं, हिरवं, पिकलं की पिवळसर आणि सुरकुतलेलं. आतल्या बियांभोवतीचा गर खातात. हिवाळ्यात वेल जमिनीपर्यंत मरते, जमिनीखालचे आडवे खोडभाग जिवंत राहतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर, बाकी सगळं हिरवं झाल्यावर, नवे कोंब येतात.

जागेच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट: ही दाट जंगलातली वेल नाही. तिला ऊन आणि मोकळी झालेली जमीन लागते. शेताच्या कडा, पडीक रान, नदीकाठची सपाट गाळाची जमीन. ओकोईची घळई तिला सोयीची नाही, पण डोंगर संपून खोरं उघडतं तिथे, बेंटनच्या बाजूला, ती भरपूर फोफावते. उवागाही वस्ती नेमकी तिथे होती. जिथे शेती तिथे मेपॉप, हे त्या नावात दिसतं. 'हायवॉसी' हे नावही 'आयुहवासी', म्हणजे गवताळ मोकळं रान, यावरून आलं आहे. संगमावरची दोन्ही नावं मोकळ्या जमिनीची आहेत, हा योग मला फार बोलका वाटतो.

टेनेसीत या फुलाला पुढे सरकारी मानही मिळाला. १९१९ साली शाळकरी मुलांच्या कौलातून ते राज्याचं फूल ठरलं, नंतर १९३३ मध्ये आयरिस आलं, आणि १९७३ मध्ये विधिमंडळानं पॅशनफ्लॉवरला राज्याचं *रानफूल* म्हणून जाहीर केलं. टेनेसीत या फुलाला 'ओकोई' असंही म्हणतात.

आणखी एक सापळा. 'पॅशनफ्लॉवर' चं भाषांतर 'उत्कटतेचं फूल' असं करू नका. इथला पॅशन म्हणजे येशूच्या यातना. मिशनऱ्यांनी फुलाच्या भागांत क्रूस, खिळे, काटेरी मुकुट पाहिला. मराठीत कृष्णकमळ हा शब्द आहे, तो वापरा आणि पुढे लॅटिन नाव देवनागरीत द्या.

बंधारा

धरणांच्या क्रमांकांचा प्रश्न राहिला. क्रमांक बांधण्याच्या क्रमानं आहेत आणि बांधकाम मुखाकडून वर सरकत गेलं. मैलही मुखापासून वर मोजतात, म्हणून ते जुळतं:

क्र. १ (पार्क्सव्हिल), मुखापासून सुमारे १२ मैलांवर, उंची १३५ फूट, १९११ मध्ये पूर्ण.
क्र. २, सुमारे २४ मैलांवर, १९१३.
क्र. ३, सुमारे २९ मैलांवर, युद्धकाळात टीव्हीएनं (टेनेसी खोरे प्राधिकरण) घाईनं बांधलेलं, १९४२.

ब्लू रिज धरण (१९३०, उंची १७५ फूट) सुमारे ५३ मैलांवर आहे, पण जॉर्जियात, टकोआवर, म्हणून त्याला क्रमांक नाही. पहिली दोन आणि ब्लू रिज खाजगी वीज कंपन्यांनी बांधली, १९३९ मध्ये टीव्हीएकडे आली. नोंदीत 'ओकोईवर चार धरणं' असं लिहू नका. नदीवर चार, त्यांतली ओकोई नावाच्या भागात तीन.

क्र. २ कडे नीट बघा, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे. धरण अवघं ३० फुटांचं. एवढ्या उंचीवर फारशी वीज होत नाही. पाणी धरणापाशी लाकडी पन्हळीत वळवतात, पन्हळ डोंगराच्या कुशीला धरून जवळजवळ सपाट ४.६ मैल (सुमारे ७.४ किमी) जाते, आणि तोवर खाली नदी उतरत गेलेली असते. शेवटी पाणी एकदम सुमारे २५० फूट खाली वीजघरात सोडतात. उंची धरणानं दिलेली नाही, नदीच्या उतारानं दिली आहे. याची किंमत अशी की पन्हळ चालू असताना मधलं पात्र कोरडं. क्र. ३ ला तेच, फक्त पन्हळीऐवजी डोंगरातून सुमारे अडीच मैलांचा बोगदा.

१९७६ मध्ये पन्हळ कुजल्यामुळे बंद करावी लागली. पाणी पुन्हा पात्रात आलं आणि त्या खडकाळ उतारावर राफ्टिंग सुरू झालं. पन्हळ नव्यानं बांधून १९८३ मध्ये चालू झाली, तोवर राफ्टिंगवर बऱ्याच लोकांचं पोट अवलंबून होतं. मोठ्या वादानंतर ठरलं की वर्षातल्या ठराविक दिवशी पाणी पात्रात सोडायचं. वीज बुडते, तिची भरपाई हा त्या व्यवहाराचा भाग. मधल्या टप्प्यात सोडलेलं पाणी साधारण सेकंदाला १,२०० घनफूट असतं. म्हणून 'ओकोई ही बारमाही खळाळती नदी' हे वाक्य चुकीचं. सकाळी कोरडे खडक आणि दुपारी पांढरं पाणी, हे वेळापत्रकावर चालतं. पात्रात उतरणाऱ्यासाठी धोका तोच: कोरडं दिसणारं पात्र पाणी सोडल्यावर बघता बघता भरतं, आणि आकाशात ढगही नसतो.

१९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमधली कनू-कयाक स्लॅलम स्पर्धा क्र. ३ च्या खालच्या, एरवी कोरड्या पात्रात झाली. पात्र रुंद होतं, ते दगड रचून अरुंद केलं, म्हणजे त्याच पाण्यात जोर आला. तिथली केंद्राची इमारत २०२२ मध्ये आगीत जळाली, पात्र आहे.

पाणलोट

बंधारा यांनी सांगितलं त्यात गाळाचा मुद्दा जोडतो. क्र. १ आणि क्र. ३ चे जलाशय गाळानं भरण्याचं मोठं कारण वरच्या बाजूचं तांब्याचं खोरं. डकटाउन-कॉपरहिल भागात १८४३ मध्ये तांबं सापडलं, १८५० पासून खाणी. माल बाहेर काढायला घळईतून रस्ता काढला, तो १८५३ मध्ये पूर्ण झाला. धातुक गंधकयुक्त. ते उघड्यावर लाकडांच्या ढिगांवर भाजायचे. जळणासाठी झाडं तोडली, आणि धुरातल्या सल्फर डायॉक्साइडनं जी उरली ती मारली. सुमारे ५० चौरस मैल डोंगर उघडे पडले. मुळं गेली, माती लाल ओहोळांतून नदीत आली. डेव्हिस मिल क्रीक आणि नॉर्थ पोटॅटो क्रीक या ओढ्यांतून आम्ल आणि धातूही आले.

धूर सीमा ओलांडून जॉर्जियातली जंगलं जाळत होता, म्हणून जॉर्जियानं टेनेसी कॉपर कंपनीवर दावा लावला. १९०७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होम्स यांनी जॉर्जियाच्या बाजूनं निकाल लिहिला. आपल्या हद्दीतल्या हवेवर राज्याचा हक्क आहे, हे मान्य करणारा तो पायाभूत निकाल. मग धुरातला वायू पकडून सल्फ्युरिक आम्ल तयार करायला लागले, आणि कालांतरानं आम्लच तांब्याहून मोठा धंदा झालं. खाणी १९८७ मध्ये बंद झाल्या. डोंगरांवर आता पुन्हा झाडी आहे.

सीमेबद्दलही एक पुरवणी, माझ्याच आधीच्या लिहिण्याला. कायद्यात जॉर्जिया-टेनेसी सीमा ३५° उत्तर अक्षांश आहे. १८१८ च्या मोजणीत रेषा सुमारे एक मैल दक्षिणेला पडली, आणि वापरात तीच राहिली. त्यामुळे कॉपरहिलमधून जाणारी रेघ ३५° वर नाही, थोडी खाली आहे. नोंदीत 'नदी ३५° अक्षांशावर नाव बदलते' असं लिहू नका, 'राज्यसीमेवर' लिहा.

नकाशावेडा

नोंदीचा पहिला परिच्छेद असा केला आहे, चुका दाखवा:

"टकोआ-ओकोई ही अमेरिकेच्या दक्षिण ॲपलेशियन पर्वतातली सुमारे १५० किमी लांबीची नदी. जॉर्जियातल्या युनियन काउंटीत उगम पावून ती वायव्येकडे वाहते. जॉर्जियात तिला टकोआ व टेनेसीत ओकोई म्हणतात. बेंटनजवळ ती टेनेसी नदीला मिळते. ओकोई हे नाव चेरोकी 'उवागाही', म्हणजे कृष्णकमळ, यावरून आले. टकोआ हे 'टाग्वाही', म्हणजे कटॉबांचे ठिकाण, यावरून."

शब्दमूळ

दोन चुका. बेंटनजवळ ती *हायवॉसीला* मिळते, टेनेसी नदी पुढे. आणि 'उवागा' म्हणजे वेल, 'उवागाही' म्हणजे तिचं ठिकाण. टकोआत 'ठिकाण' लिहिलंत, ओकोईत राहून गेलं. असं करा: "कृष्णकमळाच्या वंशातल्या मेपॉप (पॅसिफ्लोरा इन्कार्नाटा) वेलीचे ठिकाण, मूळ वस्ती हायवॉसी संगमाजवळ."

वेलीपान

सहमत. नुसतं 'कृष्णकमळ' लिहिलंत तर वाचक बागेतली निळी वेल डोळ्यापुढे आणेल, ती बहुतेक दुसरी जात असते. 'वंशातली' हा शब्द काढू नका.

बंधारा

उच्चारही द्या: ओ-को-ई, ट-को-आ, जोर दोन्हीकडे 'को' वर. मराठीत 'ओकी', 'ओकोए', 'टोक्का' अशी रूपं दिसतात. नोंदीत एक रूप ठरलं की शोधणाऱ्याला ते सापडेल, बाकीची रूपं पुनर्निर्देशनात टाका.

नकाशावेडा

हायवॉसी केलं, 'ठिकाण' आणि 'वंशातली' घातलं, उच्चार कंसात दिले. टकोआ शहर, टकोआ धबधबा आणि फ्लोरिडातलं ओकोई यांच्यासाठी निःसंदिग्धीकरणाचं वेगळं पान करतो. फाइटिंगटाउन क्रीकची नोंद आता स्वतंत्रच लिहायला घेतो, बेडकांसकट.